दोन फांद्या पाहुण्यांच्या

दिवाळी आली की घरोघरी फोटो निघतात. पूर्वी सणाला म्हणून एक रोल आणायचा, त्यातले निम्मे फोटो फराळाच्या ताटाभोवती ताठ बसलेल्या मंडळींचे आणि उरलेले निम्मे हललेले, असा प्रकार होता. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि फोटो मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. अशा दिवसांत एखाद्या निवृत्त गृहस्थाने हाताने कडे फिरवून फोकस करायच्या जुन्या भिंगाने परसातली फुले आणि फुलपाखरे टिपत बसावे, हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना थोडे चमत्कारिकच वाटते. "काका, मोबाईलनं एका सेकंदात निघतो की!" असे एखादी भाची म्हणते. निघतो, अगदी छान निघतो. माझी तक्रार एवढीच, की तो एका सेकंदात निघतो आणि मग दुसऱ्या सेकंदाला तिथे थांबायचे कारणच उरत नाही.

आमचे गाव शाहूवाडी. कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलात की हा मुलूख सुरू होतो. तालुक्याला नाव शाहूवाडीचे, बाजारहाटाला मलकापूर. विशाळगड आमच्याच तालुक्यात, पावनखिंडही आमचीच, आणि आंबा घाट उतरला की कोकण. बँकेच्या नोकरीने मला इथे आणून टाकले आणि नोकरी संपली तरी मी इथून हललो नाही. पावसाळ्यात इथे कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, भिंतींना ओल येते. पण आश्विन उजाडला आणि पावसाने पाय काढता घेतला की परसात जी गर्दी होते ती पाहिल्यावर चार महिन्यांचा वैताग माणूस विसरतो. जास्वंद, शंकासूर, कुंपणाची घाणेरी, बायकोने कुंडीत लावलेला पेंटास, या सगळ्यांवर सकाळी नऊ वाजल्यापासून पाहुणे हजर.

आता भिंगाविषयी. ते माझ्या वडिलांचे. १९८० नंतर कधीतरी त्यांनी मुंबईहून झेनिट नावाचा रशियन कॅमेरा आणला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हे कॅमेरे लाखांनी तयार झाले. वजनाने तो वरवंट्याशी नाते सांगत होता. त्यावर हेलिऑस नावाचे ५८ मिलिमीटरचे भिंग होते. जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बिओटार भिंगाच्या आराखड्यावर रशियनांनी ते बेतले होते. कॅमेऱ्याचा पडदा पुढे फाटला आणि तो कपाटात गेला. भिंग मात्र ठणठणीत राहिले. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने मला आरसा नसलेला नवा कॅमेरा दिला आणि मलकापूरच्या बाजारात मिळणार नाही असे एक जोडकडे पार्सलने मागवून दिले. त्या कड्याने रशियन भिंग नव्या कॅमेऱ्यावर चपखल बसले. आजोबांच्या चौकटीत नातवाचा फोटो बसवावा तसे.

या भिंगात फोकस आपोआप होत नाही. शिवाय ते अर्ध्या मीटरच्या अलीकडचे काही स्पष्ट दाखवत नाही. अर्ध्या मीटरवरून फुलपाखरू म्हणजे जेवणावळीच्या फोटोतला आपला चेहरा! त्यावर उपाय म्हणून भिंग आणि कॅमेरा यांच्या मध्ये पोकळ नळ्या बसवतात. त्यांत काच वगैरे काही नसते, नुसती पोकळी; भिंग पुढे सरकले की त्याला जवळचे दिसू लागते, एवढेच तत्त्व. तीन नळ्या लावल्या की फुलपाखरू जवळजवळ त्याच्या खऱ्या मापाचे उमटते. पण याची किंमत मोजावी लागते. भिंगाचे तोंड एफ ८ इतके बारीक केले तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. मोहरीच्या दाण्याएवढा म्हणा ना! सोंड स्पष्ट आली तर डोळा धूसर, डोळा साधला तर पंखाचे टोक गेले. वाऱ्याने फूल हलले, किंवा आपण श्वास घेतला, तरी तो मोहरीचा दाणा निसटतो.

म्हणून या कामात कडे फारसे फिरवायचेच नसते. किती मोठे चित्र हवे ते ठरवून कडे एकदा लावून टाकायचे, आणि मग आपण हलायचे. उकिडवे बसावे, कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत आणि सगळे अंग केसभर पुढे, केसभर मागे न्यावे. डोळ्यावरची चमक लखलखीत झाली की बटण दाबावे. फुलपाखरू पंख मिटून बसले असेल तर आणखी एक युक्ती आहे. मिटलेला पंख म्हणजे सपाट कागद. कॅमेऱ्याची पाठ त्या कागदाला समांतर धरली की संपूर्ण पंख त्या मोहरीच्या दाण्यात मावतो. हळदीकुंकू नावाचे आपले फुलपाखरू याच्यासाठीच जन्माला आले आहे. पंखांच्या वरच्या बाजूला ते साधेच, पांढऱ्यावर काळ्या रेघांचे. खरी श्रीमंती खालच्या बाजूला, पिवळी आणि लाल, म्हणून तर हे नाव. पंख मिटले की करंडा उघडतो!

नव्या कॅमेऱ्यांची मी निंदा करणार नाही. २०२२ साली सोनी कंपनीने काढलेला एक कॅमेरा किडा कोणता ते ओळखून त्याच्यावर आपोआप फोकस धरतो. मला त्याचे कौतुक आहे, आणि किंमत ऐकून धाकही. पण साध्या आपोआप-फोकसची गवतात फार तारांबळ उडते. समोर गवताची एक काडी आली की तो तिलाच पाहुणा समजून कवटाळतो. हाताने फोकस करणाऱ्याला काडी कोण आणि पाहुणा कोण हे आधीच ठाऊक असते.

आणि एक पाहुणा तर असा आहे की त्याच्यामागे धावून काही उपयोगच नाही. निलवंत! महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला. असा मान देणारे आपलेच राज्य देशात पहिले. तळहाताहून रुंद, काळ्या मखमलीवर निळी झाक. पण हा पठ्ठ्या फुलावर कधी स्वस्थ बसत नाही. मध पितानाही त्याचे पंख थरथरत असतात, घाईत चहा घेणाऱ्या एस. टी. कंडक्टरसारखे. झेनिटचा सर्वांत जलद वेग सेकंदाचा पाचशेवा भाग होता, तोही याला पुरा पडत नसे. नव्या कॅमेऱ्यावर हजाराव्या भागाच्याही पुढे जाता येते. पण वेग असून भागत नाही. तो कुठे येणार हे आधी कळायला हवे. चार सकाळी नुसते बघत बसलो तेव्हा ध्यानात आले, की हा रोज जवळपास त्याच वाटेने येतो. घाणेरीवरून शंकासुरावर, तिथून उजवीकडच्या जास्वंदीवर. मग मी जास्वंदीच्या एका फुलावर फोकस लावून ठेवतो आणि बसून राहतो. तो आला तर आला. कधी कधी नाही येत.

इतके नुसते बघत बसण्याला आमच्याकडे परंपरा आहे बरे का! दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय टिपले असेल? वाटाण्याचे रोप. कुंडीतला अंकूर दिवसेंदिवस कसा वाढतो, हे त्यांनी थोडे थोडे करून फिल्मवर घेतले आणि ते चित्र दाखवून भांडवल उभे केले. त्याच्या थोडे आधी डोळ्यांवर ताण येऊन त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वाटाण्याच्या रोपाची किंमत कळते. आणि आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. हाताने फिरवायचे यंत्र ही काही आम्हा कोल्हापूरकरांना नवी गोष्ट नव्हे.

असो. इथवर सगळे गोडीगुलाबीचे झाले. खरा पेच पुढे आहे, आणि तो कॅमेऱ्याचा नाही.

आमच्या परसात एक लिंबाचे रोप आहे. कोल्हापुरातले आमचे जुने घर सुटले तेव्हा तिथल्या लिंबाच्या बिया आईने रुमालात बांधून आणल्या होत्या. त्यांतली एकच रुजली. आईचे वय चौऱ्याऐंशी. लिंबाला फळ धरायला बीपासून चार-पाच वर्षे सहज लागतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी ती रोज सकाळी आंघोळीनंतर त्या कमरेएवढ्या रोपाला तांब्याभर पाणी घालते आणि पाने मोजल्यासारखी हाताळते. या लिंबाचे लोणचे घालायचे, हा तिचा बेत. त्याविषयी ती फार बोलत नाही. पण मिठाची बरणी तिने वेगळी काढून ठेवली आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात त्या रोपाची कोवळी शेंड्याची पाने नाहीशी होऊ लागली. आईने चष्मा पुसून पाहिले तर पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काहीतरी. ती शीट चालू लागली! लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी अगदी तशीच दिसते. पक्ष्याने तिला खाऊ नये म्हणून तिने घेतलेले हे सोंग. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून तांबडी दुहेरी शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अशा अकरा अळ्या एका कमरेएवढ्या रोपावर! आठवड्याभरात काड्या उरल्या असत्या.

शेजारच्या वहिनी लगेच फवारणीची बाटली घेऊन आल्या. "मामी, हे मारा. संध्याकाळपर्यंत एक राहणार न्हाई."

मी म्हणालो, "आई, हीच ती फुलपाखरं. पिवळी-काळी, मी फोटो काढतो ना, ती."

आई म्हणाली, "फुलपाखरू तुला पाहिजे, आणि पानं माझ्या लिंबाची?"

याला उत्तर नव्हते. खरोखरच नव्हते. आपण सगळे बागेत फुलपाखरू यावे म्हणून रंगीत फुले लावतो आणि पानाला भोक पडले की औषध मारतो. पण फुलपाखराला मध कुठल्याही फुलाचा चालतो. अंडे मात्र त्याला ठरलेल्या झाडावरच घालावे लागते. लिंबाच्या फुलपाखराला लिंबू, बेल, कढीपत्ता हीच घराणी. हळदीकुंकवाच्या अळ्या बांडगुळावर वाढतात, आणि बांडगूळ आंब्यावरून तोडून टाकणे हे तर शहाण्या शेतकऱ्याचे लक्षण! मारुतीला शनिवारी ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, तिच्यावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असते. तिचे पुढे तांबूस केशरी फुलपाखरू होते. रुईचा चीक विषारी, तो पोटात घेऊन वाढल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. निलवंताच्या अळ्याही लिंबू-पपनसाच्याच कुळावर. राज्याने मान दिला तो पंखांना. अळीची पंगत मात्र कुणाच्या तरी परसातल्या लिंबावरच बसायची. हे सगळे मी आईला सांगितले. तिने ऐकून घेतले. बाटली मात्र हातातून ठेवली नाही.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाल्यावर तिने निकाल दिला. जुन्या नऊवारीची लाल चिंधी फाडून तिने रोपाच्या भिंतीकडच्या दोन फांद्यांना बांधली. "या दोन तुझ्या पाहुण्यांच्या. बाकी झाड माझं. इकडची तिकडं आली तर मी जबाबदार न्हाई." बाटली वहिनींना परत गेली. अकराही अळ्या मी एकेक करून, पानासकट, त्या दोन फांद्यांवर नेऊन बसवल्या. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी सीमातंटा. चुकार अळी दिसली की आई हाक मारायची आणि मी तिला हद्दीत पोचवून यायचो.

या पंधरा दिवसांत मी जितके फोकस करायला शिकलो तितके आधीच्या वर्षभरात शिकलो नव्हतो. ज्यांना या छंदाला हात घालायचा आहे त्यांनी पहिल्या दिवशी फुलपाखरामागे धावू नये. अळीपासून सुरुवात करावी. ती उडत नाही, लाजत नाही, खाण्यात गर्क असते. तिच्या जबड्याची कड साधली की पानाची कड साधते, पानाची साधली की दवाचा थेंब. मोहरीचा दाणा कुठे आहे हे बोटांना कळू लागते.

काही हौशी लोक फुलपाखरू पकडून फ्रिजमध्ये ठेवतात आणि गारठून निपचित झाले की फुलावर ठेवून फोटो काढतात. असले फोटो मला दुरून ओळखू येतात; पाय फुलाला धरलेले नसतात. याला मी छायाचित्रण म्हणत नाही. फुलपाखराला उडायला अंग गरम व्हावे लागते, एवढे खरे. म्हणून तर आमच्याकडे कार्तिकातल्या धुक्याच्या सकाळी ते आपणहून पंख पसरून उन्हाची वाट बघत बसते. त्या वेळी उठून जावे. फ्रिजमध्ये दूध राहू द्यावे.

अकरांपैकी काही पक्ष्यांनी नेल्या, काही गांधीलमाशीने, दोन आतूनच पोखरल्या गेल्या. चार कोष झाले. लिंबाच्या फुलपाखराचा कोष काडीला बुडाशी चिकटलेला असतो आणि कमरेला रेशमाचा एक धागा, झाडावर चढणाऱ्या पाडेकऱ्याच्या दोरासारखा. एके संध्याकाळी त्यांतला एक कोष काळपट झाला आणि आतले पिवळे ठिपके बाहेरून दिसू लागले. याचा अर्थ उद्या सकाळी.

साडेसात वाजता मी पाटावर बसलो. वारा होता. मोहरीच्या दाण्याच्या कामात वारा हा सर्वांत मोठा वैरी. आईने आतून घोंगडी आणली आणि ती दोन्ही हातांनी पसरून वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली. मी म्हटले, "आई, थकशील." ती म्हणाली, "तू बघ."

कोष डोक्याकडून उकलला. ओले, चुरगळलेले काहीतरी बाहेर आले आणि काडीवर चढून उलटे लटकले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, हे अपंगच जन्मले. मग पोटातले पाणी शिरांतून पंखांत उतरू लागले आणि घडी केलेले पातळ उलगडावे तसे ते पंख खाली उतरत गेले. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे. पुढे पंख वाळेपर्यंत तासभर तरी ते उडत नाही. हाताने फोकस करणाऱ्याला यापेक्षा मोठी सुटी निसर्ग देत नाही.

बायकोने घोंगडी धरली आणि मी आईला पाटावर बसवले. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. पण नव्या कॅमेऱ्याच्या दुर्बिणीत चित्र दहापट मोठे करता येते. तिने डोळा लावला. "धुकं दिसतंय."

"ते कडं फिरव. डावीकडं. सावकाश."

स्टोव्हची ज्योत कमी-जास्त करावी तसे तिने दोन बोटांनी ते कडे फिरवले. थोडे पुढे, थोडे मागे. वडिलांच्या बोटांनी गुळगुळीत झालेले ते कडे. मग तिचा हात थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही.

"माझ्याकडंच बघतंय रे," ती म्हणाली.

बटण तिनेच दाबले. तो फोटो तिच्या खोलीत लावला आहे. डोळा स्पष्ट आहे, पंखांची टोके धूसर. मी काढलेल्या फोटोंत टोकेही स्पष्ट आली आहेत. ते फोटो कपाटात आहेत.

यंदा लिंबाला पहिली चार फुले आली. फळ काही धरले नाही. चिंध्या बांधलेल्या फांद्या पावसात पुन्हा फुटल्या आणि आईने त्या हद्दीत आणखी एक डहाळी घातली आहे, मला न विचारता. आणि परवा दिवाळीच्या साफसफाईत शेजारच्या वहिनींनी कुंपणाची कण्हेर तोडायला गडी बोलावला, तेव्हा आई काठी टेकत तिकडे गेली. त्या कण्हेरीच्या पानांखाली हबशी फुलपाखराचे पाच कोष लटकत होते; चांदीचे असावेत असे चकचकीत. आरशासारखी चमक असल्यामुळे त्यांचा फोटो काढणे महाकठीण, त्यात काढणाऱ्याचाच चेहरा दिसतो. आईने वहिनींना ते एकेक करून दाखवले.

"पाडव्यापर्यंत राहू दे," ती म्हणाली.

"मामी, पाहुणे येणार, कुंपण कसं दिसतंय बघा की!"

"पाडव्यापर्यंत, गं."

गड्याला चहा देऊन परत पाठवले. आज वसुबारस. दोन कोष काळे पडले आहेत आणि वहिनींची धाकटी मुलगी सकाळपासून दोनदा मला बोलावून गेली.